छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचे भुयारी मेट्रो स्थानक: खान्देशातून जाणाऱ्यांना त्याचा नेमका उपयोग काय?

तापीकाठ (अमळनेर) यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. आमच्या घरात मुंबईला जाण्याच्या दोन वाटा फार पूर्वीपासून चालत आलेल्या आहेत. माझे माहेर चाळीसगावचे असल्याने तिकडची माणसे मनमाड, इगतपुरीमार्गे मध्य रेल्वेने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरतात. सासर अमळनेरचे असल्याने आम्ही मात्र नंदुरबार, सुरतमार्गे पश्चिम रेल्वेने वांद्र्याला किंवा मुंबई सेंट्रलला पोहोचतो. दोन्हीकडची माणसे एकाच लग्नाला निघाली, तरी मुंबईत पाऊल ठेवल्यावर एकमेकांना गाठायला पुन्हा टॅक्सी किंवा बस करावी लागते, आणि सोबत वयस्कर माणसे व सामान असले की तोच टप्पा सर्वांत त्रासाचा ठरतो.

आता टर्मिनसच्या बाजूलाच जमिनीखाली मेट्रोचे स्थानक झाले असून ती मेट्रो चर्चगेट आणि मुंबई सेंट्रल या दोन्ही ठिकाणी जाते, असे वाचनात आले. या दोन रेल्वे शहराच्या दक्षिण टोकाला एवढ्या जवळ येऊनही इतकी वर्षे जोडल्या का गेल्या नाहीत, हे जाणून घेण्याची मला उत्सुकता आहे. शिवाय या स्थानकात कोणत्या सोयी आहेत, गुडघेदुखी असलेल्या माणसाला ते झेपेल का, आणि खान्देशातून येणाऱ्याने ही मेट्रो केव्हा घ्यावी व केव्हा घेऊ नये, हेही कोणी अनुभवाने सांगितले तर बरे होईल.

जंक्शनकर (भुसावळ):

ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे आणि ते थोडे लांबेल, तेव्हा धीर धरावा. माझी सगळी नोकरी रेल्वेत झाली असल्यामुळे या विषयावर थोडक्यात बोलणे मला जमत नाही.

या दोन रेल्वे मुळात दोन वेगळ्या खासगी कंपन्यांच्या होत्या आणि त्यांचे धंद्याचे प्रदेशही वेगळे होते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली. ३४ किलोमीटरच्या त्या प्रवासात १४ डब्यांमध्ये सुमारे ४०० निमंत्रित होते आणि गाडीला साहिब, सिंध व सुलतान ही तीन इंजिने जोडलेली होती. या कंपनीचे लक्ष घाट ओलांडून देशावर, खान्देशात आणि वऱ्हाडात पोहोचण्याकडे होते. १८६५ मध्ये थळ घाटाचा लोहमार्ग सुरू झाला, १८६७ मध्ये भुसावळहून नागपूरपर्यंत गाडी धावू लागली, आणि १८७० मध्ये जबलपूर येथे ईस्ट इंडियन रेल्वेशी जोड झाल्यावर मुंबई ते कलकत्ता हा सलग मार्ग तयार झाला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू असल्याने लँकेशायरच्या गिरण्यांना आपल्याकडच्या कापसाची गरज भासली होती, हे लक्षात घेतले म्हणजे कंपनीला आपल्या मुलखाची एवढी ओढ का होती ते कळते. जळगावच्या बाजारपेठेची आणि भुसावळ या गावाचीच घडण त्या लोहमार्गाने केली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

दुसरी कंपनी म्हणजे बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे. ती गुजरातकडून किनाऱ्याने खाली आली, १८६४ च्या अखेरीस ग्रँट रोडपर्यंत पोहोचली आणि पुढे समुद्राच्या कडेने चर्चगेटवरून थेट कुलाब्यापर्यंत गेली. कुलाब्याला तिचे मोठे टर्मिनस होते. तुमच्या अमळनेरवरून जाणारी तापी व्हॅली रेल्वे याच कंपनीकडून चालवली जात असे, आणि म्हणूनच आजही अमळनेर, नंदुरबार ही स्थानके पश्चिम रेल्वेच्या मुंबई विभागात मोडतात, तर भुसावळ हे मध्य रेल्वेच्या विभागाचे मुख्यालय आहे. एकाच खान्देशाचे हे दोन तुकडे कंपन्यांच्या हिशेबातून झालेले असून त्यांचा भूगोलाशी काहीही संबंध नाही.

मुंबईच्या दक्षिण टोकाला दोन्ही कंपन्यांनी आपापले वैभव उभे केले. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार बोरीबंदरच्या नव्या इमारतीचे काम १८७८ मध्ये सुरू झाले, १८८७ मध्ये राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने तिला व्हिक्टोरिया टर्मिनस हे नाव मिळाले, आणि बांधकाम १८८८ मध्ये पूर्ण झाले. घुमटावर प्रगतीचे प्रतीक मानलेली स्त्रीमूर्ती आहे आणि प्रवेशद्वाराच्या खांबांवर सिंह व वाघ बसलेले आहेत. आपल्याकडची माणसे गाडीतून उतरली की घाईघाईने बाहेर पडतात आणि ही इमारत मान वर करून पाहत नाहीत, याची मला नेहमीच हळहळ वाटते. १९९६ मध्ये स्थानकाचे नाव छत्रपती शिवाजी टर्मिनस असे झाले, २००४ मध्ये युनेस्कोने त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश केला, आणि २०१७ मध्ये नावात ‘महाराज’ हा शब्द जोडला गेला.

दुसऱ्या कंपनीच्या बाबतीत मात्र उलटे घडले. १८ डिसेंबर १९३० रोजी लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी मुंबई सेंट्रल सुरू झाले, त्या वर्षाच्या अखेरीस कुलाब्याचे टर्मिनस बंद करण्यात आले, आणि चर्चगेट हे उपनगरी गाड्यांचे शेवटचे स्थानक बनले. म्हणजे दोन रेल्वेंची लांब पल्ल्याची टर्मिनसे पूर्वीपेक्षा एकमेकांपासून आणखी लांब गेली. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी या कंपन्यांच्या जागी मध्य आणि पश्चिम या दोन्ही रेल्वे एकाच दिवशी स्थापन झाल्या, मालक एकच झाला, तरी रुळांची रचना जुनीच राहिली. बोरीबंदर आणि चर्चगेट यांच्यामध्ये फोर्टची दाट वस्ती, आझाद मैदान आणि उच्च न्यायालयाचा परिसर असल्याने जमिनीवरून रूळ टाकायला जागा उरलेली नव्हती. जोडायचे तर ते जमिनीखालूनच शक्य होते, आणि तो योग यायला २०२५ साल उजाडले.

गिरणेचा पाहुणा (मूळ जळगाव, सध्या मुंबई):

जंक्शनकर नानांनी इतिहास सांगितलाच आहे, मी सध्याच्या व्यवहाराचे सांगतो, कारण मी या मेट्रोने नोकरीला जातो.

मेट्रो ३ हा मार्ग कफ परेडपासून आरे जेव्हीएलआरपर्यंत ३३.५ किलोमीटरचा असून त्यावर २७ स्थानके आहेत. त्यांपैकी आरेचे स्थानक तेवढे जमिनीवर आहे आणि बाकी सगळी भुयारी आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल, मे २०२५ मध्ये तिथून आचार्य अत्रे चौक, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अत्रे चौक ते कफ परेड असे तीन टप्प्यांत हा मार्ग खुला झाला. टर्मिनसचे मेट्रो स्थानक शेवटच्या टप्प्यात आले. दक्षिणेकडे हुतात्मा चौक आणि त्यापुढचे चर्चगेट, म्हणजे दुसऱ्याच थांब्याला तुम्ही पश्चिम रेल्वेच्या दारात असता. उत्तरेकडे काळबादेवी, गिरगाव, ग्रँट रोड आणि मग मुंबई सेंट्रल. तिथल्या मेट्रो स्थानकाला जगन्नाथ शंकरशेट यांचे नाव दिले आहे. १८४५ मध्ये जमशेटजी जीजीभाई यांच्यासह मुंबईत रेल्वे आणण्यासाठी संस्था काढणाऱ्या शंकरशेटांचे नाव मध्य रेल्वेच्या बाजूला न लागता पश्चिम रेल्वेच्या टर्मिनसशेजारी लागले, ही गंमत नमूद केल्यावाचून राहवत नाही.

भाडे १० रुपयांपासून ७० रुपयांपर्यंत आहे, आणि टर्मिनस ते चर्चगेट हा टप्पा अगदी जवळचा असल्याने तो किमान भाड्यात होतो. तिकीट खिडकीवर किंवा यंत्रावर क्यूआर छापलेले मिळते, अ‍ॅपवरून काढता येते, आणि एनसीएमसी कार्ड (देशभरातल्या मेट्रो-बससाठीचे सामायिक कार्ड) असेल तर रांगेत उभे राहण्याचे कारणच उरत नाही. माझी सूचना अशी की अ‍ॅपवरून काढायचे असल्यास ते रस्त्यावर असतानाच काढून ठेवावे, कारण भुयारात मोबाइलला सिग्नल मिळेलच याचा भरवसा धरू नये. गाड्या सकाळी सहाच्या सुमारास सुरू होतात आणि रात्री साडेदहाच्या सुमारास टर्मिनल स्थानकांवरून शेवटच्या गाड्या सुटतात. पहाटे उतरणाऱ्यांनी त्यामुळे थोडे थांबायची तयारी ठेवावी, आणि रात्री उशिरा उतरणाऱ्यांनी लोकलचाच विचार करावा.

गुडघ्यांविषयी विचारले आहे, तर लिफ्ट आणि सरकते जिने दोन्ही आहेत, फलाटाच्या कडेला पूर्ण उंचीचे काचेचे दरवाजे असून ते गाडी येऊन थांबल्यावरच उघडतात, त्यामुळे गर्दीत रुळांवर पडण्याची भीती नाही. मात्र लिफ्ट प्रत्येक प्रवेशद्वाराशी असेलच असे गृहीत धरू नये. बाहेरच्या फलकावर लिफ्टचे चिन्ह पाहूनच त्या दाराने उतरावे. सामान तपासणीच्या यंत्रातून जाते. लोणच्याची बरणी आणि केळीचा घड घेऊन मी स्वतः गेलो आहे, कोणी अडवले नाही, परंतु पोती आणि मोठे खोके घेऊन जाण्यासाठी ही सोय नाही.

सातपुड्याच्या पायथ्याशी (नंदुरबार):

वरच्या दोन्ही प्रतिसादांतून एक चुकीचा समज होऊ शकतो, म्हणून थोडी भर घालतो. दोन रेल्वे मुंबईत कुठेच जुळत नव्हत्या असे नाही. दादरला एका पुलावरून मध्य आणि पश्चिम रेल्वेचे फलाट जोडलेले आहेत आणि लाखो लोक रोज तिथे गाडी बदलतात. तसेच टर्मिनसच्या एक आणि दोन क्रमांकाच्या फलाटांवरून सुटणाऱ्या हार्बर मार्गाच्या काही लोकल वडाळ्याहून माहीमकडे वळून वांद्रे, अंधेरी आणि पुढे गोरेगावपर्यंत जातात. म्हणजे बोरीबंदरहून वांद्र्याला एकाच गाडीत बसून जाण्याची सोय मेट्रोच्या कितीतरी आधीपासून आहे, आणि लोकलचे दुसऱ्या वर्गाचे तिकीट मेट्रोपेक्षा स्वस्तही पडते.

आमच्यासारख्या पश्चिम रेल्वेच्या प्रवाशांना आणखी एक अडचण आहे, तिचा उल्लेख कोणीच केला नाही. खान्देश एक्स्प्रेस वांद्रे टर्मिनसला थांबते, आणि वांद्रे टर्मिनस मेट्रो ३ वर नाही. जवळचे म्हणावे असे मेट्रो स्थानक वांद्रे-कुर्ला संकुलात आहे आणि तिथे जायला रिक्षाच करावी लागते. तेव्हा ताईंच्या सासरच्या मंडळींना टर्मिनसला जायचे असेल, तर त्यांनी वांद्रे लोकल स्थानकावर यावे आणि हार्बरची लोकल पकडावी. गर्दीची वेळ टाळली तर बसायला जागाही मिळते. मेट्रोचा फायदा मुंबई सेंट्रलला उतरणाऱ्यांना आहे. दादरलासुद्धा मेट्रोचे स्थानक रेल्वे स्थानकाला लागून नसून पश्चिमेला काही अंतरावर आहे, आणि सामान घेऊन तेवढे अंतर चालणे म्हाताऱ्या माणसाला नकोसे होते. कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसचे तर या मार्गाशी नातेच नाही.

जंक्शनकर (भुसावळ):

नंदुरबारच्या दादांचे म्हणणे मान्य आहे. माझे विधान दादरच्या दक्षिणेपुरते होते. एक गोष्ट मात्र सांगावीशी वाटते. हार्बर मार्गाचे महत्त्व त्यांनी सांगितले तेवढ्यावरच संपत नाही, कारण या देशातली विजेवर चालणारी पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला याच मार्गाने गेली होती. तेव्हा १,५०० व्होल्ट डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेची) पद्धत होती, आणि १९३० पर्यंत तीच वीज घाट चढून इगतपुरीपर्यंत पोहोचली. भुसावळ ते इगतपुरी विद्युतीकरण साठच्या दशकाच्या अखेरीस झाले ते मात्र २५ हजार व्होल्ट एसी (दिशा बदलत वाहणाऱ्या विजेच्या) पद्धतीने, त्यामुळे पुढे कित्येक दशके इगतपुरीला इंजिन बदलावे लागत असे. तिथला तो लांबलेला थांबा आणि फलाटावरचा चहा आपल्या पिढीतल्या सर्वांच्या स्मरणात असेल. टर्मिनसपर्यंतचा मुख्य मार्ग २०१५ मध्ये आणि हार्बर २०१६ मध्ये एसीवर गेला, तेव्हा डीसीचा काळ संपला. आता टर्मिनसच्या खालून धावणारी मेट्रोही २५ हजार व्होल्ट एसीवरच चालते.

पांझरेकाठचा मास्तर (धुळे):

मी स्थापत्य अभियांत्रिकी शिकवतो, म्हणून बांधकामाविषयी चार वाक्ये लिहितो. मुंबईच्या पोटात जो दगड आहे तो बराचसा आपल्याच दख्खनच्या पठाराचा ज्वालामुखीजन्य खडक आहे. आपल्याकडे विहीर खणताना जो काळा पाषाण लागतो त्याचेच हे भाऊबंद. मात्र तिथे बेसाल्टबरोबर ब्रेक्शियासारखे (तुटक्या दगडांचे तुकडे सांधून बनलेल्या खडकाचे) थरही लागतात, आणि किनाऱ्यालगत भराव टाकून केलेल्या जमिनीत पाणी असते. या मार्गाच्या जोडभुयारांसाठी १७ भुयारखोद यंत्रे वापरण्यात आली. ती यंत्रे फिरत्या चकतीने खडक कापत पुढे सरकतात आणि मागे लगेच काँक्रीटच्या तयार कमानी बसवत जातात, त्यामुळे वरच्या रस्त्याला धक्का कमी बसतो.

स्थानके बांधणे त्याहून अवघड असते. टर्मिनसपाशी वरून खणून, स्थानक बांधून, पुन्हा झाकण्याची पद्धत वापरता आली. काळबादेवी आणि गिरगाव येथे मात्र रस्ते इतके अरुंद आणि चाळी इतक्या जुन्या व लगटून आहेत की फलाटाचा भाग आतून टप्प्याटप्प्याने पोखरून आधार देत करावा लागला, आणि काही इमारतींमधल्या कुटुंबांच्या पुनर्वसनाचा प्रश्न वेगळा सोडवावा लागला. जागतिक वारसा असलेल्या इमारतीच्या शेजारी खोदकाम करायचे म्हणजे जमीन किती खचते आणि कंपने किती होतात हे उपकरणांनी सतत मोजत राहावे लागते. हा खर्च प्रवाशाला दिसत नाही, परंतु सुमारे ३७ हजार कोटी रुपयांच्या प्रकल्पात अशा सावधगिरीचाही वाटा असतो. पैशाचा मोठा भाग जपानच्या जायका या संस्थेच्या कर्जातून आला असून प्रकल्पाची कंपनी केंद्र आणि राज्य शासनाची निम्म्या-निम्म्या भागीदारीची आहे.

माझे एक वैयक्तिक मत नोंदवतो. हे काम चांगले झाले आहे याबद्दल वाद नाही, परंतु १९०० मध्ये सुरू झालेल्या चाळीसगाव-धुळे फाट्यावरून धुळ्याच्या माणसाला मुंबईची थेट गाडी आता मिळत असली, तरी ती चुकली की आधी चाळीसगावपर्यंत जाऊन मुंबईची गाडी तिथून पकडावी लागते. मुंबईतला शेवटचा दीड किलोमीटर सुखाचा झाला; पहिले पन्नास-साठ किलोमीटर सुखाचे कधी होणार, हेही कोणी विचारावे.

तापीकाठ (अमळनेर):

सर्वांचे मनापासून आभार. धुळ्याच्या सरांचा प्रश्न रास्त आहे, त्यावर वेगळी चर्चा करू या. आता एवढेच विचारते, की माझा भाचा चाळीसगावहून परदेशी शिकायला निघाला आहे आणि त्याला आंतरराष्ट्रीय विमानतळावर जायचे आहे. त्याने टर्मिनसपर्यंत जाऊन तिथून मेट्रो घ्यावी का? त्या मार्गावर विमानतळाची स्थानके आहेत असे नकाशात दिसते.

गिरणेचा पाहुणा (मूळ जळगाव, सध्या मुंबई):

ताई, टर्मिनसपर्यंत मुळीच जाऊ देऊ नका. तो उलटा फेरा होईल. विमानतळ शहराच्या उत्तर भागात आहे आणि मध्य रेल्वेची गाडी टर्मिनसला पोहोचण्याआधी कल्याण, ठाणे ओलांडूनच येते. भाच्याची गाडी ठाण्याला थांबत असेल तर त्याने तिथे उतरावे, लोकलने घाटकोपरला यावे, आणि स्थानकाला जोडलेल्या पुलावरून वर्सोव्याकडे जाणाऱ्या मेट्रो १ च्या फलाटावर जावे. मरोळ नाक्याला उतरून भुयारी मेट्रो ३ मध्ये बदल करावा, आणि दक्षिणेकडच्या गाडीने पुढचेच स्थानक टी-२ आहे, ते आंतरराष्ट्रीय विमानतळाचे. देशांतर्गत विमानांसाठी टी-१ वेगळे आहे, पण टी-२ वरूनही देशांतर्गत विमाने सुटतात, तेव्हा तिकिटावरचा टर्मिनल क्रमांक आधी पाहून घ्यावा.

दोन मोठ्या बॅगा असतील आणि गाडी सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान ठाण्याला पोहोचत असेल, तर मात्र लोकलच्या गर्दीत त्या चढवणे अशक्यप्राय आहे. अशा वेळी ठाण्याहून सरळ टॅक्सी करावी. त्याची गाडी कोणती आहे आणि विमान किती वाजता आहे ते इथे लिहा, म्हणजे कोणता पर्याय बसतो ते नक्की सांगता येईल.